वकिलाच्या भाच्याने वाचलेला तुझा निबंध

प्रिय गोदाअक्का,

काल नेरडीगोंड्याला तुझी तेरवी झाली आणि मी भरल्या पंगतीतून उठून आले. म्हणून हे लिहिते आहे. तुला नाही सांगणार, तर आता सांगू कोणाला?

तुझ्या वसंताने माईक लावला होता. माणसंही खूप आली होती. तो उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "माझी आई फार सोशिक होती. तिनं आयुष्यात कधी कोणापुढं आवाज चढवला नाही." बसलेल्या बायांनी माना डोलावल्या. माझ्या हातातला पुरीचा घास मी पानात परत ठेवला. हा पोरगा आईबद्दल बोलतोय की दावणीच्या गाईबद्दल?

मी पान सोडून उठले. वसंता मागे धावत आला.

"मावशी, काऊन चिडून राह्यली? मी काई वाईट बोललो का?"

"तुह्या मायनं भर सभेत आवाज चढवला होता बाप्पा," मी म्हटलं. "तुले मालूम तरी हाय का?"

"कवा?"

त्याला खरंच माहीत नव्हतं! नातवंडं असलेला माणूस, आणि स्वतःच्या आईची एवढी एक गोष्ट त्याला माहीत नाही! मी चपला घातल्या. रस्त्यावर आले आणि आदिलाबादची बस धरली. रात्र कशीतरी काढली आणि सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. वसंताला मी सांगणारच आहे, पण आधी तुझ्याशी भांडण आहे माझं. तू काऊन नाही सांगितलंस त्याला?

सोशिक म्हणे! आठवडी बाजारात एका गिऱ्हाइकाने आपल्या बाबांना "ए माळ्या" म्हणून हाक मारली, तेव्हा तूच त्याच्या पिशवीत घातलेली वांगी परत टोपलीत ओतली होतीस. "बाबाचं नाव घेऊन मांग, मंग देतो," म्हणालीस. बाबा तुझ्यावरच ओरडले. पण त्या माणसाने नाव घेतलं, अक्का. नाव घेऊन वांगी नेली. मी तेव्हा मिरच्या निवडत होते आणि मला वाटलं, मोठी झाले की मी अशीच होणार.

आपली गावाबाहेरची भाजीची वाडी, वाडीत बाबा आणि काका, घरात आई, तू आणि मी. हैदराबाद स्टेट हिंदुस्थानात आलं, शाळेतली उर्दू मागे पडली आणि मराठीचा वर्ग उघडला, म्हणून तर आपल्याला शाळा मिळाली. तू हायस्कुलात गेलीस तेव्हा त्या वर्गात मुली किती होत्या? बोटावर मोजण्याइतक्या. काका तेव्हापासून कुरकुरत होते. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माही पोट्टी इंग्रजी शिकून राह्यली." त्यांना तुझा अभिमान होता. म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो मला.

इंग्रजीला हबीब मास्तर होते. हैदराबादचे, बुटके, शेरवानीची वरची गुंडी नेहमी तुटलेली. पुस्तक मिटून ठेवायचे आणि त्या विलायती नाटककाराच्या गोष्टी सांगायचे. तोच तो, पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातला. त्याचं नाव आपल्याला नीट उच्चारता यायचं नाही, म्हणून तू त्याला नुसतं 'नाटकवाला' म्हणायचीस. घरी आल्यावर चुलीपुढे मला तू राजे, विदूषक, वैरी झालेले सख्खे भाऊ, सगळे करून दाखवायचीस. आई म्हणायची, "भाकर जळून राह्यली, राजाले म्हणा खाली उतर!"

आणि त्याच वर्षी गावातल्या वाचनालयाच्या मंडळाने निबंधाची स्पर्धा जाहीर केली. विषय तोच, तुझा नाटकवाला. जिल्ह्यातल्या हायस्कुलांतल्या कोणाही विद्यार्थ्याने लिहावं, मराठी, तेलुगू, उर्दू किंवा इंग्रजीत. पहिल्या आलेल्या निबंधाचं सभेत वाचन, लेखकाने स्वतः करायचं. तू मास्तरांना विचारलंस, इंग्रजी नाटककारावर मराठीत लिहिलेलं चालेल का? ते म्हणाले, "बेटी, जिस ज़बान में सोचती है, उसी में लिख. बाक़ी मैं देख लूँगा."

तू लिहिलास. काय लिहिते आहेस ते मला दाखवलं नाहीस, नुसतं विचारत राहिलीस. "सुमे, समज, तुले एक गाणं सुचलं, अन् ज्याच्यासाठी सुचलं त्याच्या तोंडून ते तुले कधीच आयकू आलं नाई, तर कसं वाटंल?" मी म्हणाले, मला गाणीच येत नाहीत. तू डोक्यात टपली मारलीस.

तुझा निबंध पहिला आला! जिल्ह्यात पहिला! मास्तर स्वतः वाडीत सांगायला आले, चिखलातून, बूट हातात घेऊन. बाबांनी त्यांना एवढी वांगी दिली की त्यांना ती धरवेनात. आठवतं?

सभा मात्र लांबली, कारण तोवर स्टेटच मोडलं. नोव्हेंबर उजाडला आणि हैदराबाद राज्य उरलं नाही. राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेलं, किनवट तिकडे गेलं, आणि आपण आंध्रात राहिलो. आपली वाडी एक वीतभर हलली नव्हती. तीच विहीर, तीच मोट. पण आपल्याला कोणी न विचारता आपलं राज्य बदललं होतं. मराठी बोलणारे कचेरीतले लोक बदल्या मागून पलीकडे निघाले. आपण बदली मागायची ती कुठल्या साहेबाकडे?

आता त्या वकिलाचं सांगते. मंडळाचा अध्यक्ष, आपल्यासारखाच मराठी माणूस. गणपतीत तासन्‌तास मराठीत भाषणं ठोकणारा! त्याने बाबांना बोलावलं. तू आणि मीही मागे मागे गेलो होतो.

"हे पाहा," तो म्हणाला, "सभेला नवे साहेब येणार आहेत, आंध्र किनाऱ्याकडचे. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. निबंध तेलुगूत वाचावा लागेल. आता राज्य बदललं."

बाबा नुसते "हाव जी, हाव जी" करत राहिले. तू पुढे झालीस. "मग मी तेलुगूत करते," म्हणालीस.

वकील हसला. "तुला येतं का?"

"भाजीची येते," तू म्हणालीस. "नाटकाची शिकते."

आणि शिकलीस! शेजारच्या सरोजाला धरलंस. ती तेलुगू वर्गातली, तिचा बाप तालुक्याच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी तिच्या ओट्यावर तुम्ही दोघी एकेका शब्दावरून भांडत बसायच्या. ती म्हणायची, हा शब्द फार जड झाला. तू म्हणायचीस, माझा विचारच जड आहे, मी काय करू? मग दोघी हसायच्या. मला आजही कोणी सांगितलं की तेलुगू आली आणि मराठी मेली, तर मी त्याला सरोजाचा ओटा दाखवते. आपलं भांडण त्या भाषेशी नव्हतंच कधी. ज्यांच्याशी होतं ते सगळे मराठीच होते.

निबंध तयार झाला. तू तो पाठ केलास, मोटेवर, शेंगा तोडताना, आंघोळीच्या दगडावर. आणि सभेच्या दिवशी सकाळी काका वाडीतून आले आणि म्हणाले, "गोदी नाई वाचणार. वकिलाचा भाचा वाचणार. ठरलं तसं."

कोणी ठरवलं? कधी ठरवलं? काकांनी आणि वकिलाने, आदल्या दिवशी. बाबांनी मान हलवली होती, सवयीने हलवायचे तशी.

तू बाबांपुढे जाऊन उभी राहिलीस. "बाबा, मी लिहिला ना?"

"तूच लिहिला, माय."

"मग मी काऊन नाई वाचू?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "लगनाची पोट्टी, चार गावच्या माणसात उभी राहून नाटकाच्या गोष्टी सांगणार? उद्या इले कोन करंल?" आणि बाबा... बाबा दोरी वळायला बसले. भर सकाळी, अंगावर सभेचं धुतलेलं धोतर, आणि दोरी वळत बसले! ती दोरी कशाला हवी होती त्यांना?

आई म्हणाली, "जाऊ दे गोदा, निबंध तर तुहाच हाय." तू तिच्याकडेही असं पाहिलंस की ती आत गेली.

सभेला आपण गेलो. तू येणार नाहीस असं मला वाटलं होतं, पण तू हिरवं लुगडं नेसलीस, वेणी घट्ट घातलीस. डावीकडे बायांची जाजमं होती, आपण तिसऱ्या रांगेत बसलो. बाबा दाराशी उभे. पुढे खुर्चीवर नवे साहेब, शेजारी वकील. हबीब मास्तर कडेला.

भाच्याने वाचायला घेतलं. वाईट वाचत नव्हता, उच्चार स्वच्छ होते. आधी वकिलाने सांगितलं की निबंध 'आपल्या जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याचा' आहे. विद्यार्थ्याचा! तुझं नाव नाही घेतलं, अक्का. तू माझा हात धरला होतास आणि त्याच्यासोबत ओठ हलवत होतीस, वाक्य न् वाक्य. मग तुझे ओठ चालत राहिले आणि त्याचं वाचन संपलं. तो खाली वाकून नमस्कार करत होता आणि तू अजून अर्ध्यातच होतीस. टाळ्या सुरू झाल्या.

त्यांनी शेवटचा भाग कापला होता! मास्तरांनी नंतर सांगितलं, वकिलाने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. साहेबांपुढे हे कशाला, म्हणून.

तू माझा हात सोडलास आणि उभी राहिलीस.

"राह्यलं!" तू मोठ्याने म्हणालीस. "अजून राह्यलं आहे!"

टाळ्या थांबल्या. काका पुरुषांतून अर्धे उठले. आणि तू बोललीस, आधी तेलुगूत, मग कोणी न सांगता तेच मराठीत. तुझा मराठीतला प्रत्येक शब्द मला आजही येतो.

"या नाटककाराने बायांच्या तोंडी असे शब्द दिले की राजांनी गप्प बसावे. पण ते शब्द बाईच्या तोंडून त्याने एकदाही ऐकले नाहीत. त्याच्या रंगमंचावर बायांना उभे राहू देत नव्हते. मिसरूड न फुटलेली मुले बायांचे कपडे घालून बोलायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटते, नाटक संपल्यावर घरी जाताना तो वाटेत थांबत असेल. हेच एखादी बाई बोलली असती तर कसे ऐकू आले असते, असा विचार करत असेल. तो एवढा मोठा लेखक, आणि त्याची एवढी साधी इच्छा कोणी पुरी केली नाही."

एवढंच. बोलून झाल्यावर तू खाली बसली नाहीस. उभीच राहिलीस.  मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग हबीब मास्तर उठले आणि टाळ्या वाजवायला लागले, एकटेच, तुटक्या गुंडीच्या शेरवानीत. नंतर बायांतून सरोजाने वाजवल्या. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

साहेबांनी वकिलाकडे वळून तेलुगूत विचारलं, ही मुलगी कोण?

आणि वकील म्हणाला, "कोणी नाही सार. इथल्या भाजीवाल्याची आहे."

कोणी नाही!

जिने लिहिलं ती कोणी नाही! अक्का, या दोन शब्दांसाठी मी त्या माणसाला आजवर माफ केलेलं नाही. तो मेला तेव्हा गावाने दुकानं बंद ठेवली. मी मात्र त्या दिवशी पुरणपोळी केली होती. हो, केली होती. तुला कळलं असतं तर तू हसली असतीस का रागावली असतीस, कोण जाणे.

बाबांनी ते ऐकलं. दाराशीच होते ना ते. मला वाटलं, आता तरी पुढे होतील, म्हणतील, माझी पोरगी आहे, तिनंच लिहिलंय. बाजारात तू त्यांच्यासाठी वांगी परत ओतली होतीस, त्यांना एक वाक्य बोलायचं होतं! त्यांनी काय केलं? तुझं मनगट धरलं आणि बाहेर ओढत नेलं. बक्षीस होतं निर्मळची रंगवलेली लाकडी पेटी, तांबड्या फुलांची. ती भाच्याला मिळाली, छान वाचल्याबद्दल. वाटेत मी रडत होते, पेटी गेली म्हणून. तू म्हणालीस, "राहू दे. लाकडाची हाय, वाळवी खाईल."

दुसऱ्या दिवसापासून तुझी शाळा बंद. मास्तर समजावायला आले. बाबांनी त्यांना पडवीत बसवलं, चहा दिला आणि स्वतः दोरी वळायला घेतली. मास्तर कप अर्धा ठेवून उठले. "बड़ा ज़ुल्म कर रहे हो, भाई," एवढं म्हणाले. पुढे त्यांचीही बदली झाली.

ज्वारीचा हुरडा संपायच्या आत काकांनी नेरडीगोंड्याचं स्थळ आणलं. कापूस-ज्वारीचं घर, भाऊजी बिचारे सरळ. पोरगी आगाऊ आहे हे तिथवर पोचायच्या आत उरकायचं होतं त्यांना. सारं गाव म्हणत होतं की भाजीवाल्याची गोदी भर सभेत ओरडली. तेव्हा तू आगाऊ होतीस. आता मेल्यावर सोशिक झालीस! मधल्या मधे यांनी तुला कधी बदललं गं?

आणि लग्नाच्या दिवशी तू काय केलंस, ते तर आई आणि मीच पाहिलं. हळद लागली होती. बाबा आत आले, डोळ्यांत पाणी, म्हणाले, "चाल माय, येळ झाली." तू उठली नाहीस.

"सुमीची शाळा बंद करान काय?" तू विचारलंस.

"हे आता काऊन काढून राह्यली?"

"बंद करान का नाई, ते सांगा. करान तर मी मांडवात येत नाई. बाहीर समदी माणसं बसून राह्यली हायत. मले ओरडता येते, तुमाले मालूम हाय."

बाबांनी डोळे पुसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इची शाळा चालू राहीन. मास्तरीण होईल तवालोक राहीन."

मग तू उठलीस. मी शिकले, मास्तरीण झाले, उटनूरपासून आदिलाबादपर्यंत शाळा केल्या, पोरींना शिकवलं. माझं पेन्शन, माझं घर, माझी ही टेबल-खुर्ची, सगळं तू त्या हळदीच्या अंगाने मिळवून दिलंस. याला सोसणं म्हणतात?

पण अक्का, तुला सोडणार नाही मी. तुझ्या लेकीला, मालतीला सातवीतून काढलं तेव्हा तू कुठे होतीस? मी उटनूरहून धावत आले होते. तू अंगण सारवत होतीस. मी म्हटलं, "भाऊजींना सांग, ओरड, काहीतरी कर!" तू मान वर न करता म्हणालीस, "तुह्यासाठी भांडली ना बाई. एकदाच जोर पुरला मले." मी इतकी चिडले की पाणी न पिता परत गेले. पुढे वर्षभर तुझ्याकडे फिरकले नाही. ते वर्ष मला परत नको आहे, पण तो राग मी अजून मागे घेतलेला नाही. मालतीला वाचता येतं, पण चष्मा लावून ती फक्त बसवरच्या पाट्या वाचते. तिचं काय चुकलं होतं?

मग पुन्हा राज्य बदललं. तेलंगण झालं, जिल्ह्याचे तुकडे झाले, निर्मळ वेगळं झालं. टीव्हीवर लोक नाचत होते. मी तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "आता कोणत्या राज्यात हावो आपण? मले रेशनच्या दुकानात सांगा लागते." आणि खो-खो हसलीस. मला हसू आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी आले होते, शेवटची. तू अंगणात बाजेवर उन्हात बसली होतीस. पाय सुजलेले. मी तुझ्या डोक्याला तेल लावत होते. सगळं आयुष्य जे विचारायचं टाळलं ते तेव्हा विचारलं. "अक्का, त्या सभेचा तुला कधी राग नाही आला? त्या वकिलाचा, बाबांचा?"

तू मान वळवलीस. मग पुढच्या खोलीकडे बोट दाखवलंस. दार उघडं होतं आणि आत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता.

"येत व्हता ना," तू म्हणालीस. "लय येत व्हता. पण ठेवाले जागा कुठं व्हती? दिवाळी झाली का हे घर असं भरून राह्यते. आमी माणसंच बाहीर झोपतो."

आणि माझा तेलाचा हात धरून म्हणालीस, "तुह्या घरी जागा हाय. तू ठेव."

अक्का, लोक मला सांगतात, वय झालं, आता सोडून द्या. वकील गेला, काका गेले, बाबा गेले, आता गोदाबाईही गेल्या, रागावणार कोणावर? त्यांना काय ठाऊक हा राग कोणाचा आहे! मी तो सोडणार नाही. देवापुढे दिवा लावून शांत होणार नाही, आणि मरताना सगळ्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. तुला वचन देते. माझ्या घरात खोल्या तीन आहेत आणि माणूस मी एकटी. भरपूर जागा आहे.

तुझीच,
सुमी